कुरड्यांपुरतं ऊन

नागपूरच्या माणसाला उन्हाची बढाई मारायची खोड होती. पुण्याचा पाहुणा घाम पुसत 'फारच गरम होतंय हो तुमच्याकडे' म्हणाला की आम्ही कूलरचं बटण एकाने वाढवायचो आणि हसून म्हणायचो, 'हे कुठलं गरम? नवतपा लागू द्या, मग बोला.' मे महिन्याच्या शेवटी सुरू होणारे ते नऊ दिवस. डांबर चपलेला चिकटायचं, दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसायचं नाही, नळाच्या पाण्यानं हात पोळायचे, आणि तरी आमची छाती फुगलेलीच. जणू सूर्य आमच्या घरचा जावई!

आता ती बढाई संपली. आमच्या गल्लीत भाड्यानं राहायला आलेली एक पोरगी यंदा, ऐन नवतप्यात, खांद्यावर ओढणी लपेटून मला म्हणाली, "काकू, इथली हवा किती छान आहे!" मला हसावं की रडावं कळेना.

मी प्रणिता पराते. तांडापेठेत राहते. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले, त्यामुळे समोरच्याला समजलं असलं तरी पुन्हा एकदा समजावून सांगायची मला सवय आहे. आमची दोन घरं भिंतीला भिंत लावून उभी आहेत. एक माझं, एक माझ्या थोरल्या जावेचं, वनमालाबाईंचं. मी त्यांना बाई म्हणते. गच्ची मात्र दोन्ही घरांची मिळून एकच. दोघींचेही नवरे आता नाहीत, पोरंबाळं आपापल्या संसाराला लागली. उरलो आम्ही दोघी.

काय गच्ची होती ती! संध्याकाळी बादल्या भरभरून पाणी शिंपडायचं, स्लॅबमधून वाफ निघून जाऊ द्यायची, मग गाद्या टाकायच्या. शेजारच्या गच्चीवर यशवंत निनावेकाका, पलीकडे आणखी कोणी. कठड्यावरून वाटाणे-फुटाणे इकडून तिकडे जायचे आणि भांडणंही. कोणाच्या सुनेला दिवस गेलेत, कोणाचा माग बंद पडला, सगळं त्या कठड्यांवरून कळायचं. पहाटे पहाटे तर अशी गार झुळूक यायची की पायाशी गोळा झालेली चादर ओढून घ्यावी लागायची.

आणि दिवसा त्याच गच्चीवर वाळवण. मूगवड्या, पापड, सरगुंडे आणि सगळ्यांत मानाच्या म्हणजे बाईंच्या कुरड्या. गहू भिजवायचे, वाटायचे, चीक काढायचा, पहाटे उठून तो शिजवायचा. शिजताना एकीनं भांडं धरायचं, दुसरीनं हाटायचं, क्षणभर हात थांबला की गाठी झाल्याच. हे दोघींचं काम आहे, एकटीचं नाही. माझं लग्न झालं तेव्हा मला चुलीपुढे नीट बसताही येत नव्हतं. बाईंनी माझ्या हातात लाकडी हाटा दिला आणि म्हणाल्या, "फिजिक्स राहू दे बाजूले. हात चालव." आमचं नातं त्या भांड्याच्या काठावर जुळलं, असं मी म्हणेन.

मग शहर वाढलं. वाढलं म्हणजे काय, फुगलंच. देशाच्या मधोमध असल्यानं सगळ्यांना इथंच गोदामं हवी होती. उड्डाणपूल आले, मेट्रो लांबली, मोठाली इस्पितळं आली. मी त्याला नावं ठेवणार नाही. आमच्या घरातले माग बंद पडले होते. माझ्या नवऱ्याला, नरेशला, त्या वाढत्या शहरानंच शहराच्या कडेच्या वाडी भागात एका गोदामात बरी नोकरी दिली. माझी मुलगी शिकली ती त्यावरच. पण झाडं गेली, विहिरी बुजल्या, जिकडे तिकडे सिमेंट झालं, आणि सिमेंट दिवसभर प्यायलेलं ऊन रात्रभर ओकत राहतं. गच्चीवर पाणी शिंपडलं तरी गादीला चटके बसू लागले. एकेक घर गच्चीवरून खाली उतरलं.

पंधरा वर्षांपूर्वी एका मे महिन्यात नरेश दिवसभर त्या टिनाच्या गोदामात राबून घरी आला. गल्लीतला ट्रान्सफॉर्मर जळालेला होता. रात्र झाली तरी पारा उतरेना. शरीराला दिवसाची तलखी फेडायला रात्र लागते, ती त्याला मिळालीच नाही. सकाळी तो उठला नाही. पन्नासचा होता.

त्यानंतर चारेक वर्षांनी आभाळपत्रा आला. सरकारी नाव शीतपटल, पण ते कुणी घेत नाही. मला तो शोध ऐकताक्षणी आवडला, कारण तो इतका साधा आहे. प्रत्येक तापलेली वस्तू उष्णता बाहेर फेकत असते, डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांच्या रूपात. पृथ्वीभोवतीची हवा ती अडवते, गोधडीसारखी. म्हणून ढगाळ रात्र उबदार आणि निरभ्र रात्र गार. पण या गोधडीला एक फट आहे. ठरावीक लांबीच्या लहरी हवेत अडकत नाहीत, थेट पलीकडच्या अवकाशात निघून जातात, आणि तिथं तर हाडं गोठवणारी थंडी! आभाळपत्रा दोन कामं करतो. पडणारं ऊन जवळजवळ सगळं परत पाठवतो, आणि स्वतःची उष्णता नेमक्या त्या फटीतून बाहेर टाकतो. त्यामुळे भर दुपारी, डोक्यावर सूर्य असताना, तो आजूबाजूच्या हवेपेक्षा गार असतो. त्याच्याखाली नळ्या, नळ्यांतून पाणी. गल्लीतल्या सगळ्या गच्च्यांचं गार पाणी एका टाकीत जमतं आणि तिथून घराघरांच्या भिंतींत फिरतं. विजेचा खर्च एका छोट्या पंपापुरता.

अट एकच. पत्र्याला आभाळ दिसलं पाहिजे. त्यावर काही ठेवायचं नाही, काही टांगायचं नाही, कुणी चालायचं नाही. गच्च्यांना कुलपं लागली. विज्ञानाची बाई म्हणून गल्लीनं मला गच्चीप्रमुख केलं आणि सगळ्या चाब्या माझ्याकडे दिल्या. मी त्या देवघरात ठेवते. हसू नका, पहिल्या उन्हाळ्यात घरात पाऊल टाकल्यावर तो गारवा अंगाला लागला तेव्हा मी ओक्साबोक्शी रडले होते. नरेशच्या वाट्याला हे आलं नाही, एवढंच मनात येत होतं.

त्या पहिल्याच उन्हाळ्यात बाईंनी नेहमीसारख्या कुरड्या घातल्या. पांढराशुभ्र, चकचकीत पत्रा पाहून त्या खूश. कडेकडेनं घातल्या तर काय होतंय, असं मीही म्हटलं. संध्याकाळी पाहतो तर कुरड्या जशाच्या तशा ओल्या. दुसऱ्या दिवशी चिकट. तिसऱ्या दिवशी गुलाबी बुरशी. डोक्यावर सत्तेचाळीस अंशांचं ऊन आणि खाली कुरड्या आंबतायत!

"काहून वो प्रणिता," बाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "हे ऊन हाय का नुसता उजेड हाय?"

मग वाळवणाची मशीन आणली. त्यातल्या कुरड्या तडकल्या आणि तळल्यावर फुलल्याच नाहीत. जमिनीवर वाळवाव्यात तर गल्लीत ऊन पोचतच नाही, दोन्ही बाजूंना पाच-पाच मजले. बाईंनी नाद सोडला. सोऱ्या माळ्यावर गेला. गल्लीनं कूलर भंगारात घातले, नव्यानं बांधलेल्या घरांनी खिडक्या लहान केल्या, आणि हळूहळू सगळे उन्हाला विसरले. आम्ही दोघीही एकमेकींकडे कमी जाऊ लागलो. भांडण नव्हतं. दोघींचं मिळून करायचं असं कामच उरलं नव्हतं.

यंदा बाईंच्या नातीचं, रेवाचं लग्न ठरलं. जूनमधली तारीख. रुखवताचा विषय निघाला आणि बाई एकदम ताठ बसल्या.

"माह्या नातीच्या रुखवतात मशीनच्या कुरड्या? लोकं काय म्हणतीन? आजी जित्ती हाय का मेली?"

"बाई, आता कोण बघतं रुखवत?"

"मी बघतो."

विषय तिथं मिटला असं मला वाटलं. चूक झाली. नवतपा लागला आणि मी रेवाच्या साड्या घ्यायला इतवारीत गेले, त्या दिवशी बाईंनी देवघरातून चाबी घेतली. त्यांनी चार दिवसांपूर्वीच गुपचूप गहू भिजवले होते. पत्रा गार असतो हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी आपल्या परीनं डोकं चालवलं. सासऱ्यांनी मागावर विणलेली काळी लुगडी पेटीतून काढली, सगळ्या गच्चीवर पसरली आणि त्यांवर कुरड्या घातल्या. काळं कापड ऊन पितं, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. कुरड्या कडकडीत वाळू लागल्या.

पण लुगड्यांखाली पत्र्याला आभाळ दिसेना. नळ्यांतलं पाणी तापलं आणि ते गरम पाणी गल्लीच्या टाकीत उतरू लागलं. दुधात मिठाचा खडा. टाकीचं पाणी ठरावीक मर्यादेपलीकडे तापलं की यंत्रणा आपोआप बंद होते, तशी ती झाली. लहान खिडक्यांची ती घरं तासाभरात भट्टीसारखी तापली. पंखा नाही, कूलर नाही, माठ नाही. पोरं बावचळून गल्लीत धावू लागली. आणि निनावेकाका, वय ब्याऐंशी, खुर्चीत बसल्या बसल्या बेशुद्ध पडले.

मी पोचले तेव्हा त्यांना गाडीत घालत होते. बाई दारात उभ्या होत्या, काकांचे तळपाय पुसलेला ओला पदर तसाच हातात. इस्पितळ दहा मिनिटांवर होतं म्हणून काका वाचले. हेही याच शहराचं देणं, ते नाकारून चालणार नाही.

संध्याकाळी गल्ली जमली. काकांची सून करुणा माझ्यापुढे उभी राहिली. रडून रडून तिचे डोळे सुजले होते.

"काकू, चाब्या तुमच्याजवळ. मग आजी वर गेल्याच कशा? आमच्या बाबांचं काही झालं असतं तर?"

तिचं काय चुकलं होतं? जिना भिंत बांधून बंद करायचा असं ठरलं. मी मान डोलावली. बाई एका कोपऱ्यात बसून ऐकत होत्या. सगळे गेल्यावर त्या म्हणाल्या, "मी मोहाडीले जातो. भावाकडं. आता इथं तोंड दाखवाले जागा नाई."

मोहाडी हे त्यांचं माहेर. तिथं अजून आभाळपत्रा पोचलेला नाही, खेड्यांना तो परवडत नाही. यंदा तिथला पारा एकोणपन्नासला टेकला होता. बाईंचं वय शहात्तर, रक्तदाब वर-खाली होणारा. डॉक्टरांनी त्यांना दुपारी दारातसुद्धा बसू नका म्हणून बजावलेलं. तिथं जाणं म्हणजे काय, ते आम्हा दोघींनाही कळत होतं. माझा तोल सुटला.

"मरायला जाताय का? याच उन्हानं नरेशला नेलं, बाई! आणि तुम्हाला त्याच उन्हाचं एवढं कौतुक?"

बाई हळूच म्हणाल्या, "तुहा नवरा होता तो. माह्यं लेकरू होतं. मी लग्न होऊन आली तवा आठ वर्साचा होता, आई नव्हती त्याले. मी न्हाऊ घातलं, शाळेत धाडलं. तो गेला तवा सारे तुह्याजवळ बसाले आले. मले कोणी इचारलं?"

इतक्या वर्षांत हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

"आन ऊन वाईट नव्हतं वो," त्या पुढे म्हणाल्या. "ऊन आधीबी होतं. पण रात्री निवत होतं. आपुन वरती जात होतो, चार माणसं दिसत होती. आता गार हाय, पण कोणाचं तोंड दिसत नाई. त्या चार दिवसांत गहू भिजले, वाटले, चीक काढला. लय वर्सांनी मले वाटलं का मी घरात हावो."

त्यांनी पेटी भरायला घेतली. मी घरी आले आणि माझ्या खोलीतल्या गार भिंतीला टेकून बसले. नरेशला न मिळालेली वर्षं ती भिंत मला देत होती. आणि त्याला लेकरासारखं वाढवणारी एकमेव बाई दोन दिवसांत शहर सोडून उन्हात जाणार होती. ती गेली की त्याच्या लहानपणाबद्दल मला सांगणारं कोण राहील? मला भीती वाटली. खरंच सांगते, नरेश गेला त्यानंतर इतकी भीती मला वाटली नव्हती.

सकाळी मी महापालिकेच्या इंजिनियर मुलीला फोन केला. ती आली, माझं म्हणणं ऐकलं आणि चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिली.

"मॅडम, लोक पत्रा लावून मागतात. तुम्ही काढून मागताय?"

"फक्त माझ्या खोलीवरचा. माझ्या नळ्या गल्लीच्या टाकीपासून तोडा. बाकी कुणाला त्रास होता कामा नये."

"इतरांना काही होणार नाही. पण तुमची खोली तापेल. उघडा स्लॅब, भिंतीत पाणी नाही. आणि यादी एवढी मोठी आहे की पुढची काही वर्षं परत लावून मिळणार नाही."

"मी विज्ञान शिकवलंय गं," मी म्हटलं. "मला कळतं."

गल्लीला मी स्वतः जाऊन सांगितलं. आपल्या डोक्यावरचा पत्रा प्रत्येकाचा स्वतःचा, त्यामुळे कुणाला हरकत घेता येईना. जिन्यातली भिंत आता वर, माझ्या चौकोनाच्या कडेनं बांधायची ठरली, म्हणजे वर आलेल्या कुणाचाही पाय पत्र्यावर पडणार नाही. इस्पितळातून परत आलेले निनावेकाका पलंगावर पडून सगळं ऐकत होते. त्यांनी हात वर करून करुणाला गप्प केलं आणि बाईंना निरोप धाडला, "वनमालाबाईले इचारा, त्या दिवशीच्या कुरड्या वाळल्या तरी का?" त्या कुरड्या तर गोंधळात पायांखाली गेल्या होत्या.

पत्रा निघाला त्या सकाळी मी बाईंना हाताला धरून वर नेलं. चकचकीत पांढऱ्या गच्चीवर, जिन्याला लागूनच, खोलीएवढा करड्या सिमेंटचा चौकोन. बाई वाकल्या, त्यांनी तळहात टेकवला आणि झटकन उचलला.

"तापली," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "येडी झाली का तू? हे तुह्या खोलीवरचं हाय. तू कुठी राहशील?"

"दुपारी तुमच्याकडे. पडायला जागा द्याल ना?"

"मी मोहाडीले जाऊन राहिली ना."

"मग माझी दुपारची सोय काय? ही खोली तर आता भट्टी झाली."

बाईंनी मला एक सणसणीत शिवी दिली. ती इथं लिहिण्यासारखी नाही. मग त्या जिन्यात बसून रडल्या, आणि मीही त्यांच्या खालच्या पायरीवर बसून रडले. नरेशसाठी आम्ही दोघी एकत्र रडलो ते त्या दिवशी, पंधरा वर्षांनी. रडून झाल्यावर नाक पुसत त्या म्हणाल्या, "गहू आजच टाकले पाहिजे. नवतपा संपून राहिला."

पुन्हा पहाट, पुन्हा ते भांडं, पुन्हा मी हाटायला. माझे खांदे भरून आले, दोनदा गाठी झाल्या, दोनदा बोलणी खाल्ली. चिकाचा तो आंबूस वास घरभर पसरला तेव्हा मला एकदम पंचवीस वर्षांची झाल्यासारखं वाटलं. सोऱ्या फिरवायला हात पुरेनात म्हणून कोण आलं असेल? करुणा. हातात साबुदाण्याचं पातेलं घेऊन दारात उभी.

"काकू, बाबा मागे लागलेत. आमच्या चकल्यांना थोडी जागा मिळेल का? एका कोपऱ्यात."

"ये वो माय, ये," बाई आतूनच म्हणाल्या. "चपला काढून ये."

बातमी गल्लीबाहेर गेली. मग रोज कुणी ना कुणी. साऱ्या नागपुरात ऊन नकोसं झालेलं, आणि माझ्या खोलीएवढ्या उन्हासाठी बायका नंबर लावू लागल्या! कडेनं बसायला पाट, डोक्यावर ओला पंचा, कावळ्यांना हाकलायला काठी, आणि गप्पा. कोणाच्या सुनेला दिवस गेलेत ते मला बऱ्याच वर्षांनी वेळेवर कळलं.

किंमत मोजावी लागतेच. माझी खोली खरोखर तापते. दुपारी तिथं उभं राहवत नाही. संध्याकाळी घरात शिरले की त्या कोंडलेल्या उन्हाचा लोट अंगावर येतो आणि मला तो मे महिना आठवतो. हे बरं केलं की मूर्खपणा, असं माझं मलाच अनेकदा वाटतं. माझी मुलगी फोनवर ओरडते. तिचं बरोबर आहे. मी बाईंच्या घरी जाते, त्यांच्या शेजारी गार फरशीवर चटई टाकते. बाई छताकडे बघत सांगतात, नरेश लहानपणी कसा होता, कुठल्या झाडावरून पडला, कुणाच्या भीतीनं माळ्यावर लपला. मी ऐकत ऐकत झोपते.

रेवाच्या लग्नात रुखवत मांडलं. कार्यालयाच्या छतावर अर्थातच आभाळपत्रा, त्यामुळे भर जूनमध्ये नवरीकडच्या बायका शालू मिरवत हिंडत होत्या. कुरड्यांची परडी बाईंनी स्वतःच्या हातानं मधोमध ठेवली. नवऱ्या मुलाची आत्या उमरेडची, बाईंच्याच वयाची. रुखवताला हात लावायचा नसतो, पण त्यांनी इकडेतिकडे पाहून एका कुरडईचा तुकडा मोडला आणि तोंडात टाकला. जरा वेळ चघळत राहिल्या. मग त्यांचे डोळे मोठे झाले.

"ही मशीनची नाई," त्या म्हणाल्या. "हे खरं ऊन हाय. कुठून आणलं वो?"

लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत बाईंनी माझं कौतुक केलेलं मला आठवत नाही. चहा गोड झाला तर त्या 'साखर स्वस्त झाली का' विचारणाऱ्या. त्यांनी माझ्या दंडाला धरून मला पुढे ओढलं.

"गच्ची आमच्या दोघींची," त्या म्हणाल्या. "ऊन हिचं हाय. हिनं घरातला गारवा सोडला, तवा आमच्या अंगणी पडलं."

आत्याबाई माझ्याकडे बघू लागल्या. मी मात्र रुखवताकडेच बघत राहिले, कारण बाईंकडे बघितलं असतं तर भर लग्नघरात रडू फुटलं असतं.